नरखेडच्या शाळेत फ्रेंच

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी काटोल सोडते आणि थोड्या वेळाने नरखेड जंक्शनला लागते. त्यापुढचे मोठे स्टेशन पांढुर्णा, ते मध्य प्रदेशात. पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा आणि वरुडचा बाजार. अशा तिठ्यावरच्या तालुक्यात भाषा कुंपण पाळत नाहीत. जलालखेडा, मोवाड किंवा सावरगावच्या पोराला शाळेत नाव घालण्याआधीच घरातली वऱ्हाडी वळणाची मराठी येते. संत्र्याच्या व्यापाऱ्यांची आणि टीव्हीवरची हिंदी कळते. काही वस्त्यांवर घरात गोंडीही असते. शाळेत गेल्यावर पुस्तकातली मराठी आणि पहिलीपासून इंग्रजी, पाचवीला हिंदीचे पुस्तक. दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तीन-साडेतीन भाषा सुखाने नांदत असतात आणि त्याबद्दल त्याला कोणी शाबासकी देत नाही.

जिल्हा परिषदेच्या या वेळापत्रकात फ्रेंच कुठेच नाही. तरी हा लेख तिच्यावर आहे, कारण लांबची भाषा लहान वर्गात शिकवावी का, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाही. खासगी शाळांच्या माहितीपत्रकांत 'फ्रेंच' हा शब्द ठळक छापला जातो आणि काटोल-नरखेडचे पालकही तो वाचतात. वाचून एक जण म्हणतो, 'आपल्या पोट्ट्याले काय करायची फ्रेंच?' दुसरा म्हणतो, 'आपलेच पोट्टे काहून मागं राहावं?' दोघेही प्रश्न अर्धाच विचारतात. शिकवायचे ठरले तर त्या वर्गात नेमके काय घडते, ते दोघांनीही पाहिलेले नसते.

फ्रेंच बोलणारा माणूस नागपूरला अगदी अनोळखी नाही. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या अ‍ॅनसी गावात 1838 साली स्थापन झालेल्या एका ख्रिस्ती संघाचे धर्मगुरू 1840च्या दशकात हिंदुस्थानात उतरले आणि नागपूरपर्यंत आले. अ‍ॅनसीचा सावॉय प्रांत तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होता, फ्रान्सला तो 1860 साली जोडला गेला, पण तिथली भाषा फ्रेंचच. नागपुरात 'एसएफएस' या तीन अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या शाळा-कॉलेजांच्या नावातले सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे त्याच गावाशी जोडलेले संत. पण या फ्रेंचभाषक मंडळींनी इथल्या मुलांना इंग्रजी शिकवली. राज्य इंग्रजांचे होते आणि नोकऱ्याही इंग्रजीत होत्या. कोणती परकी भाषा शिकायची, हे बहुधा असेच ठरत आले आहे.

परकी भाषा सगळ्या प्राथमिक शाळांत एकदम आणण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तोवर ती पाचवीला यायची. निर्णय गावोगाव पोहोचला, पुस्तकेही पोहोचली. पोहोचली नाही ती इंग्रजी बोलणारी जीभ. डी.एड. झालेल्या गुरुजींनी इंग्रजी वाचली होती, पेपरात लिहिली होती, पण तोंडाने बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. वर्ग 'ए फॉर अ‍ॅपल'चा गजर करत राहिला. यावर निघालेला शहाणा उपाय रेडिओचा होता. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने 'आम्ही इंग्रजी शिकतो' ही कार्यक्रममाला केली आणि ती आकाशवाणीवरून वर्गावर्गांत ऐकवली गेली. रेडिओतला आवाज सूचना देई, मुले उठत, बसत, उत्तरे देत, आणि कोपऱ्यात उभे असलेले गुरुजी मुलांबरोबरच शिकत. शिक्षकाला ती भाषा येत नाही हे मान्य करून बांधलेली योजना आपल्याकडे फार विरळा. फ्रेंचबद्दल बोलताना ती आठवायला हवी, कारण नरखेड तालुक्यात फ्रेंच येणारा प्राथमिक शिक्षक शोधायला निघालो तर संध्याकाळ होईल.

आता तासांचा हिशोब. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरायची असते, म्हणजे आठवड्याला सहा दिवस धरले तर तेहेतीस-चौतीस आठवडे. आठवड्याला पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका फ्रेंचला दिल्या, तर वर्षभरात होतात चाळीसेक तास. पहिलीत सुरू केलेल्या मुलाचे पाचवी संपेपर्यंत जेमतेम 200 तास भरतील. तेही सुट्ट्या, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि केंद्राच्या बैठका यांतून एकही तासिका बुडाली नाही तर.

एवढ्या तासांत काय होते, याचे उत्तर स्पेनमधल्या बार्सिलोनाने दिले आहे. तिथे सरकारने इंग्रजी सुरू करण्याचे वय अकरावरून आठवर आणले, तेव्हा कार्मेन मुन्योस यांच्या गटाने दोन्ही प्रकारच्या मुलांची 200, 416 आणि 726 तासांच्या शिकवणीनंतर तुलना केली. सारखेच तास मिळालेल्या मुलांत उशिरा सुरुवात केलेली मुले पुढे होती. 'लहानपणी भाषा पटकन येते' हे वाक्य खरे आहे, पण ते त्या मुलासाठी, ज्याच्या भोवती ती भाषा दिवसभर बोलली जाते. आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्या भाषेला मोठे मूल अधिक लवकर पकडते, कारण त्याला नियम कळतो, तुलना करता येते, वही नीट ठेवता येते. माहितीपत्रकात ही ओळ कधी छापली जात नाही.

2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन, स्पॅनिश वगैरे भाषा माध्यमिक टप्प्यावर ठेवल्या आहेत, ते यामुळे सयुक्तिक वाटते. महाराष्ट्रात 2025 साली पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्यावरून जो गदारोळ झाला तो ताजा आहे. 16 एप्रिलचा शासन निर्णय 17 जूनला बदलला आणि 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले. त्या भांडणात हिंदी, अस्मिता, राजकारण सगळे आले. सहा वर्षांच्या मुलाच्या आठवड्यात तास किती असतात, हे मात्र फार थोड्यांनी मोजले.

तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेत लांबची भाषा रुजल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे, फक्त ती भाषा फ्रेंच नाही. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तेव्हा तिथे रस्त्यांची बोंब होती, पण इंटरनेट पोहोचले होते. सप्टेंबर 2019 मध्ये तिथल्या शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, कोणती परकी भाषा शिकायला आवडेल? रोबो आणि यंत्रांचे वेड असलेल्या बहुतेक पोरांनी जपानी निवडली. ना पुस्तक, ना शिक्षक. सुरुवात व्हिडिओ आणि भाषांतराच्या अ‍ॅपवर झाली. पुढे शहरातल्या एका जाणकाराने ऑनलाइन वर्ग घेतले. सगळ्यांकडे मोबाइल नव्हते, म्हणून 'विषयमित्र' नेमले: ज्याने वर्ग ऐकला त्याने बाकीच्यांना शिकवायचे. इथे भाषा मुलांनी निवडली होती, सुरुवात पहिलीत न होता चौथीपासून पुढे झाली होती, आणि शिकलेले लगेच दुसऱ्याला सांगायचे होते. तास थोडे असूनही त्यात जीव आला तो यामुळे.

आता समजा, नरखेड तालुक्यातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेने चौथी-पाचवीला फ्रेंच घेतली. पहिली जागा आयतीच आहे: परिपाठ. सुविचार, दिनविशेष, इंग्रजी वाक्य यांच्या रांगेत 'बाँझूर' सहज बसते. पहिले काही महिने फळ्यावर काही लिहूच नये. देवनागरीत जसे लिहिले तसे वाचायचे, ही सवय झालेल्या मुलासमोर फ्रेंच स्पेलिंग ठेवले की तो प्रत्येक अक्षर उच्चारतो, आणि फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची निम्मी अक्षरे मुकी असतात. 'ते बोलतात' या क्रियापदाच्या शेवटची तीन अक्षरे लिहायची असतात, उच्चारायची नसतात. डोळ्याने आधी शिकलेली फ्रेंच पुढे कानाला दुरुस्त करता येत नाही.

कानाच्या बाबतीत मराठी मूल भाग्यवान आहे. फ्रेंचमधले 'त' आणि 'द' आपल्यासारखे दातांना जीभ लावून होतात. 'प', 'त', 'क' म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस इथेच अडखळतो, कारण त्याच्या सवयीने 'प'चा निम्मा 'फ' होतो. अनुनासिक स्वर आपल्या मुलांना परके नाहीत. चंद्रबिंदू दाखवला की निम्मे काम होते. अडचण दोन ठिकाणी. एक, 'ई' म्हणताना ओठ मात्र 'ऊ'सारखे करायचे, असा एक स्वर आहे. आरशासमोर तो पाच मिनिटांत जमतो आणि वर्ग हसून लोटपोट होतो. दुसरी अडचण घशातला 'र'. गुळणी करताना होतो तसा आवाज काढायला सांगितला की मुले तो नको इतक्या उत्साहाने काढतात.

मग आकडे, जिथे माझ्या मते प्राथमिक वर्गातली सगळी मजा साठलेली आहे. मराठीत शंभरपर्यंत मोजायला मुलाला जवळजवळ शंभर वेगळे शब्द पाठ करावे लागतात. त्रेसष्ट, चौसष्ट, एकोणऐंशी, एक्क्याऐंशी. एककं आधी, दशकं नंतर, मध्ये जोडाक्षरांची चिखलवाट. 2019च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' अशी रीत आली तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला! मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मूल संख्या लिहिते त्याच क्रमाने ती म्हटली तर चुका कमी होतील. विधानसभेत मात्र आडनावांवरून कोट्या झाल्या आणि विषय हसण्यावारी गेला.

फ्रेंच मूल सत्तावीसला 'वीस-सात'च म्हणते. 1 ते 16 हे सोळा शब्द, वीस ते साठपर्यंतची पाच दशके आणि शंभर, एवढ्या बावीस शब्दांत त्याची शंभरी भरते. इथवर फ्रेंच सोपी, मराठी अवघड. पण साठ ओलांडले की गंमत सुरू होते. सत्तरला वेगळा शब्द नाही: 'साठ-दहा'. एक्काहत्तर म्हणजे 'साठ आणि अकरा'. ऐंशी म्हणजे 'चार वीस'. नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा', आणि नव्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. शहरातल्या मुलाला हे ऐकून वेड लागते. खेड्यातल्या मुलाने घरी जाऊन आजीला विचारावे. विसांनी मोजणारी पिढी आपल्याकडे अजून पुरती संपलेली नाही. 'चार इसा न् दहा' म्हटले की म्हातारी न चुकता नव्वद बिया मोजून देते. पॅरिसमध्ये आजही एका डोळ्यांच्या इस्पितळाचे नाव 'पंधरा-वीस' असे आहे, कारण तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने ते तीनशे अंधांसाठी बांधले. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंचांनी सत्तर-नव्वदला सुटसुटीत वेगळे शब्द ठेवले आहेत, फ्रान्सवाल्यांनी ठेवले नाहीत. मोजण्याच्या रीतीवरून भांडणारे आपण एकटेच नाही, आणि आजीची रीत अडाणी नाही, हे चौथीतल्या मुलाला एका तासिकेत कळते. त्यासाठी तरी फ्रेंचला एक तासिका द्यायला माझी हरकत नाही.

लिंगाचेही तसेच. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला खुर्ची 'ती' का, हे समजावताना फ्रेंच शिक्षकाचे केस पिकतात. आपल्या मुलाला त्यात नवल वाटत नाही. खुर्ची इकडेही ती, तिकडेही ती. खिडकी ती, शाळा ती, नदी ती. फळा तो, पंखा तो, सूर्य तो. पण वही फ्रेंचमध्ये 'तो' होते, चंद्र 'ती' होतो, आणि पुस्तकाचे 'ते' कुठे जाते? फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाहीच. पुस्तक पुल्लिंगी झाले आणि टेबल स्त्रीलिंगी. वर्गातल्या वस्तूंच्या दोन याद्या करून मुलांना जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या जोड्या लावायला द्याव्यात. व्याकरणाची व्याख्या न सांगता मुले लिंगविचार करू लागतात, आणि तोही मराठीचा. विशेषणही मुलगा-मुलगीप्रमाणे बदलते, 'चांगला-चांगली' तसेच. इंग्रजीने ही वाट कधी दाखवली नव्हती.

'तू' आणि 'तुम्ही' हा भेद तर समजावावाही लागत नाही. फ्रेंचमध्ये आईला 'तू', दुकानदाराला 'तुम्ही', आणि दुकानात पाऊल टाकल्यावर आधी नमस्कार, मग वस्तूचे नाव. फ्रान्समध्ये बालवर्गातली पोरे बाईंना बिनधास्त 'तू' म्हणतात आणि पुढच्या वर्गांत त्यांना 'तुम्ही'ची सवय लावली जाते. आपल्याकडे आई 'तू' आणि बाबा 'तुम्ही' अशी घरे अजून आहेत; हे फ्रेंच मुलाला सांगितले तर त्याला आश्चर्य वाटेल.

संस्कृती शिकवायची म्हणजे आयफेल टॉवरचे चित्र चिकटवायचे, असा एक समज आहे. त्यापेक्षा फ्रेंच मूल शाळेत काय पाठ करते ते पाहावे. ला फाँतेन या सतराव्या शतकातल्या कवीच्या प्राणिकथा तिथल्या प्राथमिक वर्गात पिढ्यानपिढ्या पाठ केल्या जातात. 1678 साली दुसरा संग्रह काढताना त्याने प्रस्तावनेत लिहिले की यातला मोठा भाग आपण पिल्पे या भारतीय ज्ञान्याकडून घेतला आहे. पंचतंत्राच्या फारसी अवताराचे फ्रेंच भाषांतर 1644 सालीच छापले गेले होते. म्हणून त्याच्याकडे 'कासव आणि दोन बदके' ही गोष्ट आहे, आणि ती म्हणजे आपल्या कंबुग्रीव कासवाची आणि संकट-विकट या हंसांचीच. फरक मोठा बोलका आहे. पंचतंत्रातले कासव घर सोडते ते दुष्काळाने तळे आटू लागले म्हणून. फ्रान्समधले कासव आपल्या बिळाला कंटाळलेले असते, त्याला जग पाहायचे असते, आणि बदके त्याला थेट अमेरिका दाखवायचे कबूल करतात. दोघेही शेवटी तोंड उघडतात आणि पडतात. बोअरचे पाणी दरवर्षी खोल जाणाऱ्या संत्रापट्ट्यातल्या मुलांना विचारून पाहावे, यातले कोणते कासव ओळखीचे वाटते. असा एक तास टॉवरच्या दहा चित्रांना भारी आहे.

खेळ-सणही हाताशी आहेत. 1 एप्रिलला फ्रेंच मुले कागदी मासा कापून एकमेकांच्या पाठीला गुपचूप चिकटवतात. 2 फेब्रुवारीला घरोघर पातळ धिरडी होतात. शाळेतले दुपारचे जेवण चार टप्प्यांत बसून खातात. शालेय पोषण आहाराच्या रांगेतल्या मुलांना ही चर्चा फार आवडेल, फक्त ती खिचडीच्या आधी करू नये.

एक गोष्ट मात्र फ्रेंचच्या पुस्तकांत सहसा येत नाही, आणि आपल्या शिक्षकांनी तीच आधी वाचावी. फ्रान्समधल्या बहुतेक मुलांना एके काळी फ्रेंच येतच नव्हती. राज्यक्रांतीनंतर 1794 साली आबे ग्रेग्वार याने अहवाल दिला, त्यात शुद्ध फ्रेंच बोलणारे देशभरात तीसच लाख निघाले. लोकसंख्या अडीच कोटींच्या वर होती. बाकी ब्रेतों, ऑक्सिताँ, बास्क आणि नाना बोल्या. 1881-82 मध्ये ज्यूल फेरी याच्या कायद्यांनी शाळा मोफत, सक्तीची आणि धर्मनिरपेक्ष झाली, आणि त्याच शाळेत ब्रेतों बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी जोडा किंवा तसलीच वस्तू अडकवण्याची चाल होती. ते मूल दुसऱ्या अपराध्याला शोधून जोडा त्याच्या गळ्यात घाली. दिवसअखेर ज्याच्याकडे तो उरे, त्याला शिक्षा. फ्रेंच जिंकली, ब्रेतों मरणपंथाला लागली. आपल्याकडे गळ्यात जोडा नाही, पण 'तू काय करून राहिला?' असे म्हणणाऱ्या पोराला पुण्याच्या मराठीत बोलायला लावून वर्ग हसवणारे शिक्षक आहेत. फ्रेंचचा हा इतिहास त्यांच्यासाठी आहे.

आता मराठी मुले खरोखर पहिलीपासून फ्रेंच कुठे शिकतात? मॉरिशसमध्ये. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर गिरमिटिये म्हणून गेलेली तिथली मराठी कुटुंबे बहुतेक कोकणातली. बेट 1715 पासून फ्रेंचांचे होते, 1810 साली इंग्रजांनी जिंकले, पण तिथल्या फ्रेंच वसाहतवाल्यांना त्यांची भाषा, कायदा आणि धर्म राखू दिला. त्या तडजोडीचा निकाल आजही शाळेत दिसतो. पाठ्यपुस्तके इंग्रजीत, फ्रेंच हा पहिलीपासून सक्तीचा विषय, आणि त्याशिवाय हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी यांपैकी एक भाषा ऐच्छिक. 2012 पासून या ऐच्छिक यादीत क्रेओलही आली, जी जवळजवळ सगळ्यांच्या घरी बोलली जाते.

म्हणजे मराठी आडनावाचे एक मूल वर्गात इंग्रजी पुस्तकातून गणित शिकते, फ्रेंचमध्ये निबंध लिहिते, मधल्या सुट्टीत क्रेओल बोलते आणि ऐच्छिक तासाला देवनागरी गिरवते. यात त्याला फ्रेंच सोपी जाते आणि मराठी अवघड. क्रेओलचे बहुतेक शब्द फ्रेंचमधून आलेले आहेत, वर्तमानपत्रे फ्रेंच आहेत, टीव्ही फ्रेंच आहे. मराठीला मात्र तेवढा तास, मंदिर, गणेश चतुर्थी आणि कोकणातून नेलेली जाखडी. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेने मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली, शिक्षक घडवले. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. एवढ्या कष्टांनी मराठी टिकली आहे, पण ती अभ्यासाची आणि उत्सवाची भाषा म्हणून. घरात बोलली जाते ती क्रेओल. जगात परकी भाषा मुलांना कशाने येते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही. त्याच शाळेत, त्याच वयाच्या मुलाला एक भाषा येते आणि दुसरी येत नाही, कारण एकीच्या पाठीशी रस्ता उभा आहे आणि दुसरीच्या पाठीशी फक्त वर्ग.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात हाच न्याय उलट दिशेने दिसतो. 1977च्या भाषा कायद्यानुसार बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना फ्रेंच शाळेत जावे लागते. माँट्रियलला गेलेल्या मराठी अभियंत्याच्या मुलासाठी आधी 'स्वागत वर्ग' असतो, मग नेहमीचा. दिवसभर फ्रेंच कानावर पडते, म्हणून ते मूल फ्रेंच बोलू लागते. आई-बाप मात्र संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्याच भाषेशी झगडत असतात.

नरखेडच्या रस्त्यावर फ्रेंच नाही आणि येणारही नाही. इथल्या प्राथमिक वर्गात ती वर्षानुवर्षे शिकवली, तर मॉरिशसमधल्या मराठीचे जे झाले तेच होईल: थोडी गाणी, काही आकडे, एखादे नमस्काराचे वाक्य. एवढ्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, आणि 'मुलाला फ्रेंच येते' असे कोणालाही सांगू नये. आठवी-नववीत तीच मुले गाडीवाटच्या पोरांसारखी स्वतः निवडून, ऑनलाइन शिक्षक आणि विषयमित्र यांच्या आधाराने बसली, तर बार्सिलोनाच्या हिशोबाने थोड्या तासांत पुढे जातील. फ्रेंच जगात बत्तीसेक कोटी लोक बोलतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत आहेत. तिकडे व्यापाराला, इंजिनिअरिंगला, दवाखान्यात जाणाऱ्या तरुणाला ती उपयोगी पडेल. त्यासाठी पहिलीत घाई करायचे कारण नाही.

ज्या शिक्षकांना तरीही उत्साह आहे, त्यांना एवढेच सुचवतो. चौथीच्या खाली जाऊ नका. पहिले सत्र फक्त कानाचे ठेवा, वही देऊ नका. ध्वनिमुद्रित आवाज वापरा, स्वतःचा उच्चार चुकला तर मुलांसमोर पुन्हा ऐका आणि सुधारा. आकडे, तू-तुम्ही आणि कासवाची गोष्ट एवढ्यावर वर्ष काढा. घरची बोली वर्गात मोकळी सोडा, कारण फ्रेंचची सगळी तुलना तिच्याशीच करायची आहे. फ्रान्स सरकारची 'देल्फ प्रीम' ही परीक्षा सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच आहे आणि प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसते. पण ज्या मुलाला मराठीचा धडा अजून अडखळत वाचावा लागतो, त्याच्या हातात आधी गोष्टीचे मराठी पुस्तक द्या. फ्रेंच त्यानंतर.